उशीच्या अभ्र्याची चिंधी

"अहो, पुन्हा पेट्रोलचा वास येतोय," स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती म्हणाली. पंधरा दिवसांत चौथ्यांदा.

साहेब गॅरेजमध्ये गाडीचे दिवे पुसत होते. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना साहेबच म्हणत. गाडी दोन सीटची, लाल, टपाचं कापड मागे सरकवता येणारी. पन्नाशी ओलांडलेली, पण अंगावर ओरखडा नाही.

"जुन्या गाडीला वास असतोच," ते मान वर न करता म्हणाले.

"आधी असा नव्हता."

"तुझं नाक! शेजारी कुणी काडी ओढली तरी तुला आग लागलेली दिसते."

गेल्या रविवारी जुन्या गाड्यांच्या क्लबातले मित्र आले होते, तेव्हाही हाच विषय निघाला. साहेब म्हणाले होते, "आमच्या घरात दोन जुन्या गाड्या आहेत. त्यातली एक कुरकुरत नाही." सगळे खो खो हसले. तीही हसली, आणि कपबशा गोळा करून आत गेली.

पण या रविवारी क्लबाची फेरी होती, आणि साहेबांच्या शेजारी नऊ वर्षांची नात बसणार होती. आज बायको खिडकीतून हटली नाही.

"गाडीच्या मिस्त्रींनी बघितल्याशिवाय पोरगी त्या गाडीत बसणार नाही."

हा आवाज साहेबांनी अडतीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. त्यांनी मिस्त्रींना फोन केला, तो मात्र तिला खोटं पाडायला.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री आले. चष्म्याला दोरी बांधलेले, कमी बोलणारे गृहस्थ.

"या," साहेब हसत म्हणाले, "आमच्या हिला वासाचे भास होतात. तेवढी समजूत घाला."

मिस्त्री दारातच थांबले. "साहेब, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. हा भास मलाही होतोय."

त्यांनी गॅरेजचं दार सताड उघडलं, बॅटरीची वायर सोडवली आणि बॉनेटमध्ये खोल हात घातला. टाकीतून येणारं पेट्रोल पंपापर्यंत नेणारी बोटभर जाडीची रबरी नळी होती. तिच्यावर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळलेली. मिस्त्रींनी ती हलकेच सोडली. खाली साबणाचा लेप होता, आणि लेपाखाली नळीला नखाएवढी चीर.

"वा," मिस्त्री म्हणाले. "साबण पेट्रोलात विरघळत नाही. लांब पल्ल्याचे लॉरीवाले रस्त्यात नळी फाटली की हेच करायचे. इथे तर थरावर थर दिलाय, रोजच्या रोज. आणि हा बघा, वीतभर अंतरावर धुराचा तापणारा पाइप. कुणी बांधलं हे?"

"मीच," साहेब म्हणाले.

शब्द आपसूक निघाला. दुसऱ्याच्या कामाखाली सही करायची जुनी सवय. त्याच वेळी ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मिस्त्रींनी चष्म्यावरून पाहिलं. "गळते हे ठाऊक होतं, मग परवा बाजारात गाडी कशी आणलीत?"

साहेबांची नजर पट्टीवर खिळली. निळी बारीक फुलं. त्यांच्याच उशीचा जुना अभ्रा! वर्षानुवर्षं ते त्यावर गाल टेकून निजले होते. तिचे वडील लॉरी चालवायचे, लहानपणी ती त्यांच्याबरोबर हिंडायची, हे त्यांनी क्लबात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ते क्लबात जात, तेव्हा ती इथे वाकून आपल्या अंगाचा साबण या नळीला चोळत होती.

"मिस्त्री, साखर कमी वाटली तर सांगा," ती म्हणाली आणि गेली. चार शब्द सुनावले असते तर साहेबांना सोपं गेलं असतं.

मिस्त्रींनी जुनी नळी काढली. ती वाळक्या काटकीसारखी कडक झाली होती. ते नव्या नळीचं माप घेत असताना साहेब खाली बघत म्हणाले, "मी खोटं बोललो. हे हिने बांधलंय."

"ते कळलं मला," मिस्त्री म्हणाले. "साहेब, रागावू नका. मी वास येतो म्हटलं की तुम्ही नळी बघता. वहिनी म्हणाल्या की त्यांचा स्वभाव बघता. वास तर एकच होता ना?"

साहेब आत गेले. ती ओटा पुसत होती.

"बांधलंस ते सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. चारदा. पहिल्यांदा ऐकलं असतंत तर बांधावं कशाला लागलं असतं?"

साहेबांना तिच्याकडे बघवेना. फडकं घट्ट धरलेल्या त्या हातांकडे बघत ते म्हणाले, "चुकलं माझं. बाहेर येतेस? गाडी चालू करायची आहे. तू बघितल्याशिवाय नको."

इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी नव्या नळीखाली पांढरा कागद धरला. तो कोरडा राहिला. तरी साहेब तिच्याकडेच बघत होते. ती वाकली, सावकाश श्वास घेतला.

"आता नाही येत," ती म्हणाली. मगच साहेबांनी बॉनेट लावलं.

रविवारी फेरीआधी नात ऐटीत सीटवर बसली. आजी आजोबांच्या मागे उभी होती. मित्र जमले तेव्हा साहेबांनी खिशातून ती चिंधी काढली आणि सगळं सांगितलं, 'मीच' म्हटल्याचंसुद्धा. एक जण सवयीने हसू लागला, मग गप्प झाला.

"त्या दिवशी माझ्या बोलण्यावर तुम्ही हसलात," साहेब म्हणाले. कान लाल झाले होते. "लाज मला वाटायला हवी होती. ती आज वाटतेय."

तिने त्यांच्या हातातून चिंधी घेतली, नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

आपल्याही घरात कुणीतरी हळू आवाजात काही सांगत असतं, आणि आपण हसून ते उडवून लावतो. निदान एवढा नेम आपण सगळ्यांनी रोज पाळावा: घरचं माणूस काही सांगू लागलं की हातातलं काम खाली ठेवायचं आणि उठून बघायचं. तिने चिरेवर साबण लावला, म्हणून साहेबांना चूक कबूल करायला वेळ मिळाला. तेवढा वेळ प्रत्येक घराला मिळेलच असं नाही.