तिला चालतं

टण्‌कन झाकण ओट्यावर पडलं आणि दुपारच्या सामसूम घरात माझी झोप मोडली. बिरड्याच्या आंबूस वासानं ते अनुयाच्या हातून निसटलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनं गृहीतक आहे. गृहीतक म्हणजे न तपासता खरी धरलेली गोष्ट. भूमितीत माझ्या भावंडांना मान असतो. अनुयाचे सासरे विश्वंभर शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा मुलांना बजावायचे, काय गृहीत धरलंय ते आधी लिहा, मग पुढे जा. घरात मात्र मला कुणी लिहिलं नाही, की उच्चारलंही नाही. म्हणूनच माझं फावलं.

माझा जन्म किहीमच्या याच वाडीतला. सुपाऱ्या सोलायला येणाऱ्या बाईला शिळंपाकं दिलं तरी भागतं, एवढंच माझं सगळं अंग. सासूकडून सुनेकडे मी आपसूक जात राहिलो. हात किती सढळ, म्हणून शेजारी या घराचं कौतुक करायचे. पण माझ्या जिवावर काय काय वाढलं गेलं ते आठवलं, की माझी मलाच शिसारी येते. बुरशी खरवडलेली भाकरी. तार सुटलेली आमटी.

आज परवाचं वालाचं बिरडं होतं, वर फेस आलेलं. केसरनं एक घास घेतला आणि मोरीत थुंकली. अनुयानं लेकीचं तोंड ओढणीनं किती मायेनं पुसलं! मग त्याच हातानं पातेलं तिच्यापुढे धरलं. मागच्या दारी सुपाऱ्या सोलत बसलेल्या कोकिळामावशीला देऊन ये, म्हणाली.

"पण ते नासलंय ना?"

"तिला चालतं गं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाच्या तोंडून बाहेर पडलो. ऐकताना मलाच कसंतरी झालं.

कोकिळामावशीनं पातेलं हुंगलं आणि नारळाच्या आळ्यात ओतलं. कुत्रं आलं, नाक लावून निघून गेलं. पातेलं विसळून केसरच्या हातात देत ती म्हणाली, "आईला सांग बाय, नासलेलं देऊ नको. माझ्या घरी पण तुझ्याएवढी पोर हाय."

मित्रांनो, रीतीप्रमाणे आता मी केसरच्या मनात मुक्कामाला जायचं. मला जायचं नाही. तुमच्याही घरात माझी भावंडं दडलेली असतील. त्यांना एकदा मोठ्यानं बोलून बघा, वास आपोआप येईल.

केसरनं निरोप जसाच्या तसा सांगितला. रिकामं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि आईकडे बघत विचारलं,

"आई, तिला चालतं, हे तुला कुणी सांगितलं?"