जो आधी थांबेल

"हात दाखव बघू," आर्न्ट म्हणाला.

गिसबर्ट सोबोट्टा गुडघ्यांवर बसून ड्रमखालची सतरंजी सारखी करत होता. आईच्या बैठकीच्या खोलीतली जुनी सतरंजी. कुठला ड्रम कुठे, कुठला पाय कुठे, याच्या पांढऱ्या रंगाच्या खुणा तिच्यावर तीस वर्षांपूर्वी त्यानेच काढल्या होत्या. त्याने उठायचे कष्ट घेतले नाहीत. बसल्या जागेवरून उजवा हात पुढे केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळून बसलं होतं आणि सरळ करू म्हटलं तरी होत नव्हतं.

"ऑपरेशन कधी आहे?"

"नोव्हेंबरात. पण काठी धरता येते. बोटं आधीच वळलेली आहेत, तेवढीच मेहनत वाचली."

आर्न्ट हसला. तो फार छान हसायचा. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण वर्तमानपत्रवाले आले की त्याच्यातला शिक्षक पुन्हा फळ्यासमोर उभा राहायचा. 'हाल्डे' या त्यांच्या बँडबद्दल जे काही छापून आलं होतं, ते सगळं आर्न्टच्या तोंडून आलं होतं. सत्तरच्या दशकात याच देशातल्या काही पोरांनी परदेशी गाण्यांची नक्कल सोडून स्वतःचं काहीतरी विचित्र, लांबलचक वाजवायला सुरुवात केली, पुढे लोक ते विसरले, आणि आम्ही ते पुन्हा जिवंत केलं, हे तो इतक्या वेळा सांगायचा की ब्रिटा, त्यांची बेस वाजवणारी, मागे उभी राहून ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणायची. बँडमध्ये माणसं तीनच. आर्न्टकडे गिटार, ऑर्गन आणि टेपची यंत्रं, ब्रिटाकडे बेस. गिसबर्टकडे ताल. ना चढ, ना उतार. वीस-पंचवीस मिनिटं एकच.

"एक स्पष्ट विचारू?" गिसबर्ट म्हणाला. "गेल्या महिन्यात बोखुमच्या कार्यक्रमात मी तालात मागे पडलो. विसाव्या मिनिटानंतर. मला कळलं आणि तुलाही कळलं. आता जमत नसेल तर तोंडावर सांग. मी रागावणार नाही. स्वतः जाऊन क्रेट घेऊन येईन."

"वेडा आहेस का तू?" आर्न्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्याशिवाय हाल्डे? लोक येतात कशाला मग? माझं थोबाड बघायला?"

"माझं तरी कोण बघतंय."

"बरं ऐक, आज हे कानाला लाव." आर्न्टने हेडफोन पुढे केले. "डॉक्टरने कान जपायला सांगितलेत ना तुला? रोलांड सगळं यातूनच ऐकवेल, तुझा ताल, आमचं वाजवणं, सगळं."

हॉलच्या दुसऱ्या टोकाला आवाजाच्या टेबलाशी रोलांड बसला होता. पंधरा वर्षांपासून त्यांचा आवाज सांभाळणारा माणूस. त्याने मान वर केली नाही. याचं गिसबर्टला तेव्हा काहीच वाटलं नाही.

क्रेटची गोष्ट अशी, की ती बँडइतकीच जुनी होती. दर गुरुवारी संध्याकाळी तिघं जमत. कुठलं गाणं ठरलेलं नसे. रेकॉर्डिंगची टेप सुरू करायची आणि वाजवायला लागायचं. टेप फिरते आहे तोवर बोलायचं नाही आणि थांबायचं नाही. जो आधी थांबेल त्याने कोपऱ्यावरच्या टपरीतून बिअरचा क्रेट उचलून आणायचा, बाकीच्यांच्या बाटल्या स्वतःच्या हाताने उघडून द्यायच्या आणि मग आपली घ्यायची. आर्न्टने शेकडो क्रेट आणले होते, ब्रिटानेही कमी नाहीत. गिसबर्टने तीस वर्षांत एकही आणला नव्हता.

यात त्याला कौतुकासारखं काही वाटत नसे. तो पंप मेकॅनिक होता. या भागातल्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या तरी खालचं पाणी उपसत राहावंच लागतं, नाहीतर अर्धी शहरं पाण्यात जातील. पंप थांबवायचा नसतो, एवढंच तो पोटापाण्यासाठी शिकला होता आणि तेच तो गुरुवारी फुकट करायचा. त्याचा बाप, जन्मभर खाणीत राबलेला, म्हणायचा, "पंपसुद्धा तुझ्यासारखाच वाजतो रे. पण त्याचा पगार मिळतो."

बाप त्याच्या वाजवण्याला एकदाही आला नाही. आज ते ज्या हॉलमध्ये वाजवणार होते तो मात्र बापाचाच होता. खाणीतली माणसं पाळी संपली की इथे कपडे बदलायची. साखळीच्या आकड्याला कपडे अडकवून वर छताशी ओढून ठेवायची. ते आकडे अजून वर लटकत होते. सांस्कृतिक केंद्र करताना नगरपालिकेने त्यांना तेवढं पॉलिश केलं होतं.

तीन वाजता रविवारच्या दुपारचा कार्यक्रम सुरू झाला. तीस वर्षांचा सोहळा म्हणून सहाशे माणसं आली होती. पिकल्या दाढ्या, जुने काळे शर्ट, काही तरुण पोरंही होती. आर्न्टने छोटंसं भाषण केलं. मग शेवटी सगळे ज्याची वाट बघत होते ते 'गुरुवार' आलं. अठ्ठ्याण्णव सालची त्यांची गाजलेली टेप, दोन बाजू भरून एकच वाजवणं. हाल्डेचं नाव झालं ते त्या टेपमुळे.

गिसबर्टने हेडफोन लावले आणि काठ्या उचलल्या.

पहिली पाच मिनिटं त्याने हाताकडेच लक्ष ठेवलं. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की हात आज चालतो आहे. नुसता चालत नाही, सुरेख चालतो आहे. कानात त्याचाच ताल वाजत होता, घट्ट, ताठ, केसाइतकाही इकडेतिकडे न होणारा. त्याने पाय थोडा जोरात दाबला, तरी ताल तसाच. मनगटात कळ आली, तरी तसाच. त्याला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. घरी जाऊन मार्लीसला सांगायचं, त्याने ठरवलं. बायकोला या विषयावर काही ऐकायचं नसतं, पण आज सांगायचंच.

आठव्या मिनिटाला 'टक' असा आवाज आला.

काठी ड्रमच्या कातड्यावर न पडता कडेच्या लोखंडी कडीवर पडली की होतो तसा. गिसबर्टला वाटलं, झालं, आलं बोट आडवं. त्याने पकड सुधारली. ताल पुढे चालू होता.

बाराव्या मिनिटाला पुन्हा तोच 'टक'. तितकाच मोठा, त्याच जागी. या वेळी त्याची काठी कडीच्या आसपासही नव्हती.

आणि मग त्याने तो आवाज ओळखला.

ती टेप भरली त्या अठ्ठ्याण्णव सालच्या गुरुवारी बाप इस्पितळात होता. गिसबर्ट दुपारभर त्याच्याजवळ बसला होता. पाच वाजता बाप म्हणाला, "जा आता. गुरुवार आहे तुझा. नाहीतर पंप बंद पडेल." बोलताना हसला होता. गिसबर्ट गेला. टेप सुरू झाली, वाजवणं रंगात आलं, आणि दार उघडून मार्लीस आत आली. अंगात कोट होता. तिने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. त्याला कळलं. तेव्हा त्याची काठी कडीवर पडली, एकदाच. आणि तो थांबला नाही. टेप फिरत होती. थांबायचं नसतं. पुढची अकरा मिनिटं तो वाजवत राहिला आणि मार्लीस कोट घालून दाराशी उभी राहिली. त्यानंतर ती त्याच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. भांडली नाही, बोलली नाही, फक्त आली नाही. आर्न्टने मात्र ही हकीकत वर्तमानपत्रांना सांगितली. 'आमचा ड्रमर बापाच्या मरणालासुद्धा थांबला नाही.' लोकांना फार आवडली. गिसबर्टने ती वाचली आणि वर्तमानपत्र चुलीत घातलं, पण तोंडाने काही बोलला नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

सोळाव्या मिनिटाला पुन्हा 'टक'.

म्हणजे त्या टेपमधला चार मिनिटांचा तुकडा कापून घेतला होता आणि तो पुन्हा पुन्हा फिरत होता. चौथ्या मिनिटालाही 'टक' वाजला असणार, तेव्हा त्याचं लक्ष हाताकडे होतं. लोकांना ऐकू जात होता तो छत्तीस वर्षांचा गिसबर्ट. बासष्ट वर्षांच्या गिसबर्टसमोरचे माईक बंद होते, त्याचं वाजवणं पुढच्या दोन रांगांपलीकडे पोचत नसणार. त्याने लांब रोलांडकडे बघितलं. रोलांडने मान खाली घातली. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. आणि तो 'टक' काढून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. आर्न्टने तो मुद्दाम ठेवला होता. त्याला तो सुंदर वाटत असणार.

गिसबर्टने दोन्ही हात वर घेतले आणि पाय पेडलवरून काढला.

ताल थांबला नाही. कुणी वळून बघितलं नाही. समोर सहाशे माणसं डोळे मिटून माना डोलावत होती. फक्त ब्रिटाने बघितलं. बेस वाजवता वाजवता तिची नजर त्याच्या रिकाम्या हातांवर पडली, आणि मग तिने हनुवटीने खूण केली. हात हलव. नुसते हलव.

म्हणजे तिलाही माहीत होतं.

त्याने हेडफोन काढून स्टुलावर ठेवले, काठ्या त्यांच्या शेजारी ठेवल्या, आणि मागच्या पडद्यातून तो बाहेर पडला.

रस्त्यावर ऊन होतं. रविवार असल्याने दुकानं बंद, कोपऱ्यावरची टपरी तेवढी उघडी. एमिने खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. तिच्या बापानंतर टपरी तीच चालवायची आणि तिन्ही वाजवणाऱ्यांना ती पोरवयापासून ओळखत होती. हॉलच्या भिंतीतून ताल इथवर येत होता.

"गिसबर्टभाऊ?" तिने बिया बाजूला ठेवल्या. "आत तुमचंच चालू आहे ना? ड्रम ऐकू येतोय की."

"चालू आहे."

"मग तुम्ही इथे कसे?"

"मी थांबलो. एक क्रेट दे."

"तुम्ही?" ती हसायला लागली. "तुम्ही क्रेट नेणार? आज सूर्य कुठून उगवला? काय झालं काय असं?"

"वडील गेले माझे."

एमिनेचं हसू तिथेच राहिलं. "अल्ला त्यांना चांगली जागा देवो. कधी गेले?"

"अठ्ठ्याण्णव साली."

भिंतीपलीकडून 'टक' आला आणि तिने पाहिलं की त्याचा खांदा किंचित दचकला. तिने आत जाऊन क्रेट आणला, खिडकीतून न देता दाराने बाहेर येऊन त्याच्या हातात दिला.

"तुमच्या बोटांना पेलेल का? मी येते सोबत."

"नको. ज्याचा त्यानेच न्यायचा असतो."

वीस बाटल्यांचा क्रेट. डाव्या हातावर आणि छातीवर तोलत, उजव्या हाताची दोन वळलेली बोटं क्रेटच्या खाचेत अडकवून तो चालत निघाला. या कामाला ती बोटं बरी पडली. दोनदा खाली ठेवून श्वास घ्यावा लागला. हॉलच्या मागच्या दारापाशी पोचला तेव्हा आत अजून चालूच होतं. पंचवीस मिनिटं उलटून गेली असतील. हा ताल आता दमणार नव्हता, तो आर्न्टलाच बंद करावा लागणार होता.

तयारीच्या खोलीत टेबलावर नगरपालिकेने पाठवलेला फुलांचा गुच्छ होता आणि 'तीस वर्षे' लिहिलेला केक. गिसबर्टने गुच्छ सरकवून क्रेट मध्यभागी ठेवला. इतक्यात ताल एकदम तुटला, बटण दाबल्यासारखा. क्षणभर काहीच नाही, आणि मग टाळ्या. खूप वेळ टाळ्या. त्यातून आर्न्टचा आवाज माईकवर आला. "बेसवर ब्रिटा लोमान! आणि ड्रमवर, तीस वर्षं जो कधी थांबला नाही, तो गिसबर्ट सोबोट्टा!"

टाळ्या दुप्पट झाल्या. शिट्ट्या वाजल्या. रिकाम्या स्टुलाकडे बघून त्या वाजत होत्या की लोकांनी तिकडे बघितलंच नव्हतं, ते त्याला खोलीतून कळेना.

त्याने खिशातून ओपनर काढला. क्रेटमधून एक बाटली उचलली, टेबलाच्या कडेला टेकवून उघडली. आर्न्टची. दुसरी उघडायला जरा वेळ लागला, बोटं घसरत होती. ती ब्रिटाची. दोन्ही त्याने केकशेजारी नीट ठेवल्या. तिसरी त्याने काढली नाही.

सतरंजी स्टेजवरच राहिली होती. तिच्यावरच्या खुणा आता कुणाच्या कामाच्या नव्हत्या. त्याने कोट अंगात चढवला, बटणं लावली आणि टाळ्या थांबायची वाट न बघता ट्रामच्या थांब्याकडे चालू लागला.