लहरीबाबांचा फुगता पाव

बेकरीचं दार उघडायच्या आत बाहेर ही गर्दी! पण पाव घ्यायला कुणीच आलेलं नव्हतं. सगळे पाव पाहायला आले होते. आत भिंतीला दोन फळ्या. वरच्या फळीवर लहरीबाबांच्या पाण्यात मळलेला गोळा साच्याबाहेर डोकं काढून टरारलेला, खालच्या फळीवर नळाच्या पाण्यातला गोळा तोंड पाडून बसलेला. रोज अगदी अस्संच! लोकांचे हात आपोआप जुळत होते.

"पाणी ऐकतं बरं का!" बाबा खुर्चीतून सांगत होते. "मी त्याच्या कानात मंत्र सांगतो, ते लहरी धरतं. निर्जीव मैद्यात चेतना भरते, मग माणसात भरणार नाही?"

पाण्याला कान कुठे असतात, हे कुणी विचारलं नाही. बाटल्या मात्र हातोहात खपल्या.

तेवढ्यावर भागलं असतं, तर हसून सोडून दिलं असतं. पण मंडळी, बेकरीवाल्याच्या मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही. पोर रोज टोचून घेते, म्हणून चालते-बोलते आहे. बाबांनी फर्मावलं, "उद्यापासून सुई बंद. फक्त लहरजल." आणि बेकरीवाला 'हो' म्हणून बसला! पाव त्याने स्वतःच्या हातांनी मळला होता, स्वतःच्या डोळ्यांनी फुगताना पाहिला होता.

बायकोने घाबरून नणंदेला फोन केला. मुलीची ही आत्या शाळेत विज्ञान शिकवते. ती तडक बेकरीत आली.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू चार पुस्तकं वाचून देवाला विसरलीस!"

"देवाला मी दोन्ही वेळा हात जोडते. पण त्याने नळाच्या पाण्यात काय कमी ठेवलं, की यांनी त्यात मंत्र सोडावा? बरं, मला सांग, बाबांचा साचा रोज वरच कसा?"

"म्हणजे काय! मंतरलेली वस्तू कुणी पायाशी ठेवतं का? बाबांनी पहिल्याच दिवशी बजावलंय. त्या अरुंद फळीवर रिकामे ट्रे पडलेले असायचे, ते काढून जागा केली."

आत्याने वरच्या फळीला हात लावला, मग खालच्या फळीला. बाबांकडे वळून म्हणाली, "एक परीक्षा घेऊ का?"

"घे बेटी! लहरी कुणाला घाबरत नाहीत."

शेजारच्या शिंपीणबाईंनी आत एकटीने दोन सारखे जग भरले, एकात लहरजल, एकात नळाचं पाणी. एका जगाला लाल दोरा बांधला, दुसऱ्याला पांढरा. कोणता कशाचा, ते फक्त त्यांना ठाऊक. जग ठेवून त्या मागच्या दाराने घरी गेल्या.

"त्यांना का पिटाळलंस?" बेकरीवाल्याने विचारलं.

"त्यांच्या चेहऱ्यावरूनही कुणाला कळायला नको. बाबांना नको, तुला नको, मलासुद्धा नको."

मैदा तोच, यीस्ट तेच, वजन तेच. प्रत्येक जगातल्या पाण्यात एकेक गोळा मळला, त्याचे दोन-दोन भाग केले आणि चार साच्यांना त्या त्या जगाच्या रंगाचे दोरे बांधले. एक लाल, एक पांढरा वर. एक लाल, एक पांढरा खाली.

आता बाबा चुळबुळले. "वर एकच साचा ठेवायचा असतो. लहरींना गर्दी चालत नाही."

"बाहेरची एवढी चालते की!" आत्या म्हणाली. पहिल्यांदाच लोक हसले.

तासाभराने पाहिलं, तर वरचे दोन्ही टरारलेले आणि खालचे दोन्ही मरगळलेले.

"यात तुमचं पाणी कोणतं, बाबा?"

"वरचे दोन्ही! दिसत नाही का?"

शिंपीणबाईंना बोलावलं. "लाल दोरा बाबांचा," त्या म्हणाल्या. म्हणजे बाबांचा एक वर फुगलेला आणि एक खाली बसलेला!

"शंका आली की लहरी पळतात!" बाबा गरजले.

"मग वरचा पांढरा कुणाच्या लहरींनी फुगला?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "एखाद्या वेळी योगायोग असेल."

"अगदी बरोबर बोललात," आत्या खूश झाली. "म्हणून पुन्हा करू. दोरे शिंपीणबाई नव्याने ठरवतील."

दुसऱ्या वेळीही वरचेच फुगले. तोवर बाबांना कुठले तरी लांबचे भक्त आठवले होते. खुर्ची रिकामी होती.

आत्याने भावाचा हात धरून वरच्या फळीमागच्या भिंतीवर ठेवला. भिंत कोमट होती. भट्टीचं धुराडं नेमकं त्याच उंचीवर भिंतीत शिरून वर जात होतं.

"यीस्टला ऊब लागते, हे तू मला शिकवतेस?" बेकरीवाला पुटपुटला. "जन्म गेला माझा यात."

"तेच तर! पाणीही बदललं आणि जागाही बदलली, श्रेय मात्र एकट्या पाण्याला. भक्तिभावाने तू साचा वर ठेवलास, आणि नेमका तोच भाव त्या माणसाने वापरून घेतला."

बेकरीवाला आत गेला. फ्रिजमधून इंजेक्शन काढलं, हात धुतले आणि लेकीजवळ बसला. सुईचं टोपण काही त्याला निघेना.

"द्या इकडे," पोरगी म्हणाली, "माझं मी घेते. तुम्ही पाव बघा, करपतोय."

बाहेर लोक अजून घुटमळत होते. आत्या त्यांना म्हणाली, "देवापुढे डोळे मिटा, मीही मिटते. पण औषध म्हणून कुणी काही हातात ठेवलं, तर डोळे उघडे ठेवा. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा, कोणतं काय ते बघणाऱ्याला कळू देऊ नका, आणि पुन्हा पुन्हा करून पाहा. इतकं करूनही टिकलं, तर खुशाल माना. आणि तोवर चालू औषध कुणाच्याही सांगण्यावरून, डॉक्टरांना न विचारता, बंद करू नका."