कोरा सोडायचा रकाना

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आजोबांची हयात गेली होती. कुठे काही सुटलेलं दिसलं की अजूनही त्यांचे हात शिवशिवायचे. निवृत्तीनंतर ते बेघर पोरापोरींना फुकट ओळखपत्र काढून देणाऱ्या खोलीत बसू लागले, तेव्हा खोली चालवणाऱ्या ताईंनी एकच गोष्ट बजावली होती. "जन्मदाखल्याच्या अर्जात 'घरी कळवण्याचा पत्ता' हा रकाना कोरा सोडायचा. भरला की सरकारी पत्र थेट घरी जातं. आणि ही पोरं घरातून का पळालीत, ते आपल्याला ठाऊक नसतं."

मिरची नावाच्या पोरीच्या अर्जात मात्र आजोबांनी तो भरला. शाळेच्या दाखल्यावर पत्ता समोरच दिसत होता, हाताने आपसूक उतरवून घेतला. चूक ध्यानात आली तोवर अर्ज गेलेला होता. ताईंना सांगायला जीभ रेटेना. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिले.

आणि आज त्या जन्मदाखल्यावर काढलेलं ओळखपत्राचं कार्ड आलं. सोमवारी मिरचीला कपडे धुण्याच्या कारखान्यात कामावर हजर व्हायचं होतं. तिथे राहायला खाटही मिळणार होती. पण कार्डाशिवाय फाटकातून आत घेणार नव्हते. दुपारी ती येणार होती. ताई कचेरीत गेल्या होत्या.

मिरचीच्या आधी एक माणूस आला. शर्टाला कडक इस्त्री, आवाज लोण्यासारखा.

"नमस्कार आजोबा. मी मिरचीचा मामा. घरी पत्र आलं, त्यावर इथला पत्ता होता. पोरगी जिवंत आहे हे तरी कळलं, देव पावला बघा."

आजोबांना आठवलं. मिरची एकदा हसत हसत म्हणाली होती, "माझा मामा फार गोड बोलतो, आजोबा. बोलून झालं की कडी लावतो."

"ती... आज नाही यायची," ते कसेबसे म्हणाले.

"मग तुम्ही सारखं दाराकडे का बघताय?" मामाने खुर्ची ओढली आणि दाराआड, बाहेरून दिसणार नाही अशी ठेवून बसला.

थोड्या वेळाने जिन्यातून आवाज आला. "आजोबा, फोटो बरा आलाय ना? नाहीतर फाटकावरचा पहारेकरी भूत समजून पळायचा!"

मामाने आजोबांकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं. हसत.

जन्मात कधी आवाज न चढवलेले आजोबा ओरडले, "मिरचे, पळ! मामा आलाय!"

जिन्यात धडाधड पावलं वाजली आणि विरली. मामा जागचा हललाही नाही.

"पळू दे की. कार्ड तुमच्याकडेच आहे ना? त्यासाठी येईलच परत." तो सावकाश उठला, खाली उतरला आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला.

ताई परतल्या तेव्हाही तो तिथेच होता. आजोबांनी सगळं सांगून टाकलं, मान खाली घालून.

"आधी बोलला असतात तर..." एवढंच त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. "द्या ते कार्ड. ती कुठे लपते ते मला माहीत आहे, मी मागच्या दाराने जाते. पण तो माझ्या मागे आला तर संपलंच."

आजोबांनी कार्ड त्यांच्या हातात ठेवलं. मग टेबलावरचं एक रिकामं पाकीट उचललं, चिकटवलं आणि लांबूनही दिसेल असं छातीशी धरून ते पुढच्या दाराने बाहेर पडले.

कारखाना होता त्याच्या बरोबर उलट दिशेला ते चालू लागले. फुटपाथवरच्या माणसाने मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि रस्ता ओलांडला.

दुकानं मागे पडली. वर्दळ विरळ होत गेली. आजोबांचे गुडघे दुखायला लागले, पण ताई अजून पोचल्या नसतील म्हणून ते पुढच्या गल्लीत वळले. तिथे चिटपाखरूही नव्हतं.

"हळू चाला, आजोबा," मागून, अगदी जवळून, तो मऊ आवाज आला. "मला काही घाई नाही."

आजोबांनी पाकीट आणखी घट्ट धरलं आणि मागे न बघता चालत राहिले.