शेजारच्या सीटवरून

मागच्या डाव्या दारावरचा ओरखडा तेवीस सेंटीमीटर लांब होता. बाईंनी शिवणाच्या टेपने तो दोनदा मोजला. खरं तर तीन समांतर रेघा होत्या. वरची सगळ्यांत खोल, आणि तिच्या टोकाशी मोहरीएवढा पिवळा रंग चिकटलेला. नखाने खरवडला असता तर निघाला असता. बाईंनी तो तसाच राहू दिला. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढल्यावर नमुन्याला हात लावायचा नसतो, हे अंगात मुरतं.

"केवढा आहे?" मास्तरांनी वरून, गॅलरीतून विचारलं.

"किरकोळ," बाई म्हणाल्या आणि फोनवरच्या फॉर्ममध्ये खरा आकडा भरला.

गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि मास्तरांची बायको म्हणून या बाई. शाळेत दोघांपैकी कुणीच कधी शिकवलं नव्हतं. मास्तर गाडी शिकवत. "निम्म्या गावाचा पाय क्लचवर मी ठेवलाय," असं ते सांगायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं. बायकोलाही त्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी बाई गाडी भर रस्त्यात सोडून चालत घरी आल्या. त्यानंतर संसार टिकवायचा म्हणून दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मास्तरांसमोर चौकटी आखलेला एक कागद धरला होता. कडेच्या चौकटी मास्तरांना दिसल्या, मधल्या दिसेनात. तिथे कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखं झालं होतं. चष्म्याने हे सुटणार नाही, हळूहळू वाढेल, असं डॉक्टर म्हणाले. "गाडी चालवता का?" त्यांनी विचारलं. "क्वचित," मास्तर म्हणाले, आणि बाहेर येऊन नेहमीसारखे ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

बाईंनी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या बोलल्याही, पण भलतंच. पहिल्या चौकात त्या म्हणाल्या, "लाल आहे."

तिथून ते सुरू झालं.

"चाळीस मीटरवर बस थांबलीय." "सायकलवाला उजवीकडे सरकतोय." "हिरवा झाला, पण एक आजोबा अजून रस्त्यात आहेत." ज्या सीटवरून मास्तरांनी जन्मभर शिकाऊ लोकांवर हुकूम सोडले, त्या सीटवर आता बाई बसत आणि डोळ्यांत तेल घालून समोर बघत. मास्तरांचे हातपाय अजून पक्के होते. बाईंनी आकडा सांगितला की गाडी बरोबर तिथे थांबे. शेजाऱ्यांना वाटे, बाईंना उगाच सूचना द्यायची खोड आहे. "काय मास्तर, बाईंचा क्लास संपला की नाही?" असं कुणी विचारलं की मास्तर म्हणत, "फी थकलीय, सोडत नाहीत."

बाई हसत. 

तीन आठवड्यांपूर्वी शाळेपाशी त्यांना शिंक आली. तेवढंच. रस्त्याकडेच्या पिवळ्या कठड्याच्या आधी "उजवीकडे" म्हणायचं ते अर्धा सेकंद उशिरा म्हटलं गेलं. ताशी तीसच्या वेगाने अर्ध्या सेकंदात गाडी चार मीटर जाते. हा हिशोब बाईंनी नंतर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून केला होता. कठडा दाराला घासत गेला. कठड्याच्या पुढच्या टोकाशी एक बाई वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तिच्यात आणि गाडीत हातभर अंतर राहिलं. तिने मान वरसुद्धा केली नाही.

"खडी उडाली वाटतं," मास्तर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या घरात दोघांचीही मूठ झाकलेली होती.

आणि आता मास्तरांना नवी गाडी हवी होती. "हिला गिअर नाही. मागे कॅमेरा. पुढे काही आलं तर स्वतःच ओरडते," ते म्हणाले. "तुझा घसा वाचेल." जुनी गाडी विकायला त्यांनी फोनवरची एक सेवा निवडली होती. माहिती भरा, माणूस घरी येतो, गाडी तपासतो, पटलं तर तासाभरात व्यवहार पुरा. माहिती बाईंनीच भरली, कारण फोनवरची अक्षरं मास्तरांना दिसत नव्हती. तोंडाने मात्र मास्तर "तुझी बोटं बारीक आहेत, तूच भर," असं म्हणत.

तपासणी अकराला होती. शोरूमची वेळ चारची. मधल्या पाच तासांत बाईंना एकच वाक्य बोलायचं होतं, की मी आता सांगणार नाही. दोन वर्षांत ते कितीदा तरी ओठांवर आलं होतं. पण दर वेळी पाठोपाठ दुसरा विचार येई. आपण नाही म्हटलं आणि हे एकटेच निघाले तर? आपण शेजारी आहोत म्हणून निदान सगळे शाबूत आहेत. या विचाराशी येऊन तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं होई.

अकराला पाच कमी असताना तपासनीस आला. चाळिशीतला, गोल पोटाचा, बोलघेवडा माणूस. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.

"काका, गाडी छान ठेवलीय हो! बारा वर्षांची वाटत नाही."

"माणसं पण वाटत नाहीत," मास्तर म्हणाले. "आमचीही किंमत काढा."

"माणसांची आम्ही घेत नाही, काका. सुटे भाग मिळत नाहीत."

मास्तर खूश झाले. तपासनीसाने टायर पाहिले, बॉनेट उघडलं, फोटो काढले. ओरखड्याशी वाकून त्याने टॅबवर पाहिलं. "तेवीस सेंटीमीटर लिहिलंय. लोक इतकं खरं लिहीत नाहीत, काकू." मग खिशातून साबणाच्या वडीएवढं यंत्र काढून त्याने ते छताला टेकवलं.

बाई पुढे झाल्या. यंत्र म्हटलं की त्यांना राहवत नसे. "हे काय मोजतं?"

"रंगाची जाडी. मायक्रॉनमध्ये. कारखान्यातला रंग साधारण शंभर-सव्वाशे भरतो. त्याहून फार जास्त आला, की समजायचं तो भाग ठोकून पुन्हा रंगवलाय."

छत एकशे दहा. दारं एकशे पंधरा, एकशे बारा. बॉनेट एकशे आठ. बाई मनातल्या मनात आकडे एका रकान्यात मांडत होत्या. पुढच्या उजव्या मडगार्डवर यंत्राने दोनशे नव्वद दाखवलं.

"हे रंगवलेलं आहे," तपासनीस म्हणाला.

"शक्य नाही," बाई म्हणाल्या. "गाडी कधी ठोकलेलीच नाही. वाचन परत घ्या. वेगळ्या जागी घ्या."

त्याने तीन जागी घेतलं. दोनशे पंच्याऐंशी, दोनशे शहाण्णव, दोनशे नव्वद. इतके जवळचे आकडे आले म्हणजे चूक यंत्राची नसते, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर अंगणातल्या नळाकडे बघत होते. नळात बघण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

उन्हाळ्यात बाई बहिणीकडे नऊ दिवस गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा गाडी चकचकीत होती. "वेळ होता, धुवून आणली," मास्तर म्हणाले होते.

म्हणजे ते एकटे गेले होते. ज्या गोष्टीच्या भीतीपोटी बाई दोन वर्षं गप्प राहिल्या, ती गोष्ट घडून, ठोकून, रंगवून वाळलीसुद्धा होती. बाईंना राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्यामागून खांद्यांवरून काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटलं. ज्याला टेकून त्या गप्प बसल्या होत्या, ते कारणच आता उरलं नव्हतं.

"चला, एक चक्कर मारू," तपासनीस म्हणाला. "गिअर आणि सस्पेन्शन ऐकायचंय. मी चालवतो."

"माझी गाडी मी दाखवतो," मास्तर म्हणाले आणि किल्ली घेऊन बसलेही. तपासनीस हसत शेजारच्या सीटवर बसला. "ठीक आहे, काका. मला काय, आराम."

बाईंना मागे बसावं लागलं. या गाडीत त्या मागे कधी बसल्या होत्या ते त्यांना आठवेना. समोर मास्तरांची सीट, त्यावरची उशी, बाजूला तपासनीसाचं रुंद डोकं. दोन्हींच्या मधल्या फटीतून फाटकाचा एक खांब आणि आकाशाचा तुकडा, एवढंच दिसत होतं. इंजिन सुरू झालं. गाडी हातभर पुढे सरकली.

मास्तर आवाजाची वाट बघत होते. त्यांची मान किंचित डावीकडे कललेली होती, रोज कलायची तशी. पण तिथे आज तपासनीस होता, आणि तो शीळ घालत टॅब बघत होता.

"थांबवा," बाई म्हणाल्या. "मला इथून काही दिसत नाही."

मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"तुम्हाला कशाला दिसायला हवं, काकू?" तपासनीस मागे वळून म्हणाला. "बसा की निवांत. काका आहेत ना."

 इंजिन तेवढं बोलत राहिलं. तपासनीसाने एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि त्याची शीळ पुन्हा सुरू झाली नाही. बाईंना वाटलं, आता मास्तर काहीतरी विनोद करतील. दोन वर्षं तेच चाललं होतं.

मास्तरांनी हँडब्रेक ओढला. गाडी न्यूट्रलला आहे का, हे गिअर हलवून दोनदा पाहिलं. शिकाऊ लोकांना ते हेच शिकवत. मग दार उघडून उतरले.

"तुम्हीच चालवा," ते तपासनीसाला म्हणाले. "कानाने ऐकायचंय तर हातही तुमचेच असू द्या."

आणि ते मागे, बाईंशेजारी येऊन बसले. गुडघे कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना.

"इथे इतकी कमी जागा आहे?" ते म्हणाले.

"बारा वर्षं आहे," बाई म्हणाल्या.

गाडी रस्त्याला लागली. बाईंच्या तोंडात सवयीने "तीस मीटर" आलं होतं. त्यांनी ते गिळलं. पुढचा सिग्नल लाल झाला आणि त्यांनी काहीही न म्हणता गाडी थांबली. त्यांच्या जिवात जीव आला. इतके दिवस तो कुठे होता, हे त्यांना आत्ता कळत होतं: मानेत, दातांत, मुठींत. त्यांनी मुठी सोडल्या. मग बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहिलं. दोन वर्षांत या रस्त्याच्या कडा त्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

"अहो, छत्र्यांचं दुकान बंद झालं."

"वर्ष झालं त्याला," मास्तर म्हणाले. "तिथे आता चाव्या करून देतात. शेजारचा शिंपीही गेला. कडेचं मला सगळं दिसतं."

"मला सांगितलं नाहीत ते."

"तू समोर बघत होतीस. तुझं लक्ष कसं मोडायचं?"

बाईंना हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. मास्तर समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "खांब होता. तू बहिणीकडे होतीस तेव्हा. दवाखान्याच्या आवारात. खांबाशेजारी बाकावर माणसं बसली होती. मला ती नंतर दिसली."

"माझ्या वेळी एक बाई होती," बाई म्हणाल्या. "कठड्यापाशी. मला शिंक आली."

"खडी नव्हती, ते कळलं होतं मला."

"मलाही कळलं होतं, की तुम्हाला कळलंय."

पुढे तपासनीसाने तिसरा गिअर टाकला. अंमळ लवकरच टाकला. एरवी मास्तर त्यावर गप्प बसले नसते. आज ते मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. खड्डा आला, गाडी हलली, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

घरी आल्यावर बाईंनी चहा टाकला. मास्तरांनी कपाटातून गाडीची कागदपत्रं काढली. गठ्ठ्यात कोणता कागद कुठे आहे हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. तपासनीसाने किंमत सांगितली. मडगार्ड आणि दार दोन्ही वजा करूनही ती बरी होती. मास्तरांनी सवयीपुरती घासाघीस केली, तपासनीस सवयीपुरता थोडा वर आला. तो आता जरा जपून बोलत होता. बाईंनी सह्या जिथे करायच्या तिथे मास्तरांचं बोट नेऊन ठेवलं, आणि या खेपेला कुणीही बारीक बोटांचं नाव काढलं नाही.

"शेवटचं एक," तपासनीस टॅबवर बोट सरकवत म्हणाला. "नव्या गाडीवर आमच्याकडून सूट मिळते. विचारावंच लागतं मला. नवी कुठली घेताय, काका?"

बाईंच्या हातातली किटली कपावर थांबली. घड्याळात सव्वा बारा झाले होते. त्यांनी काही सुचवलं नाही, अंतर सांगितलं नाही, रंग सांगितला नाही.

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. कप बशीत ठेवला. बशी चाचपावी लागली नाही; कडेचं त्यांना दिसत होतं.

"कुठलीच नाही," ते म्हणाले. "मी गाडी चालवायची सोडली."