कपाटामागची भिंत

उजव्या अंगठ्याच्या नखात लाल पूड अडकली होती — ओलसर, साबण खरवडला की नखात बसतो तशी — आणि ती काढायला त्यानं दुसरं नख घातलं तर ती त्या नखातही गेली... एवढीशी पूड, पण लपवायला जागा नव्हती. पँटला पुसावी तर डाग पडणार. त्यानं मूठ मिटली.

"मामा, तिकडे नको," पलंगावरून भाची म्हणाली. तिचा आवाज खोकून खोकून बसला होता, दोन दिवस शाळाही बुडली होती. "आई म्हणते, मामाला दिसायला नको."

कपाट आणि भिंत यांच्या फटीत खांदा घालून तो तसाच उभा राहिला. आत आला होता तो भाचीची विचारपूस करायला. कपाटानं निम्मी खिडकी अडवलेली बघून, कोण शहाणा खिडकीपुढे कपाट ठेवतो, असं मनात म्हणत त्यानं मागे हात घातला होता. गिलावा पापडासारखा सुटून हातात आला. त्याच्या आत वीट, आणि विटेत नख... नख सरळ आत गेलं.

खरं काम बाहेर होतं. गच्चीवर भाचीसाठी खोली बांधायची होती, आणि बाहेरच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून गवंड्यानं तीन विटा मांडल्या होत्या — एक भट्टीची लाल, एक राखेची करडी, एक पांढरा ठोकळा, पावासारखा हलका. यांतली कोणती, ते त्यानं सांगायचं. कारण तो इंजिनिअर. म्हणजे घरात सगळे त्याला इंजिनिअर म्हणत. कचेरीत तो नकाशे काढी. आकडे दुसऱ्यांचे, रेघा तेवढ्या त्याच्या. पण आक्का, त्याची थोरली बहीण, एकदा शेजारणीला 'आमचा इंजिनिअर' म्हणाली, त्यानं ते दुरुस्त केलं नाही, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. खोटं तो बोललाच नव्हता. नुसता गप्प बसला होता — आणि गप्प बसायला काय, लाकडालाही येतं.

हे घर बांधलं तेव्हाही वीट त्यानंच निवडली होती. भट्टीवर तो एकटा गेला होता, इस्त्रीचा शर्ट घालून — विटा बघायला इस्त्रीचा शर्ट! — आणि भट्टीवाल्यानं खुर्ची पुसून दिली, 'या साहेब' म्हणाला, आणि मग सहज, अगदी सहज म्हणाला, "तुमच्यासारख्यांना काय सांगायचं, तुम्ही नजरेनंच पारखता." झालं. त्यानंतर खाली वाकून दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या कशा? नखानं ओरखडा काढून बघायचा कसा? खिशातले हात बाहेरच आले नाहीत. तो ढिगाभोवती एक फेरी मारून आला, नजर किंचित बारीक केली, जाणकार करतात तशी, आणि म्हणाला, "ठीक आहे, पाठवा." विटा थोड्या पिवळट होत्या, कच्च्या भाजल्यासारख्या. दिसलं होतं मला. उन्हामुळे असेल, असं मीच मला सांगितलं... आणि हसू येतं ते याचं, की वीट कशी तपासावी याचा तक्ता कचेरीतल्या एका नकाशाच्या कोपऱ्यात त्यानंच लिहिला होता, सुवाच्य अक्षरात — वाजवावी, ओरखडावी, कमरेइतक्या उंचीवरून टाकावी, एक दिवस पाण्यात ठेवून वजन करावं. त्या अक्षराचं साहेबांनी कौतुकही केलं होतं. अक्षराचं.

"अरे, कपाट हलवू नकोस, जड आहे. कंबर धरेल." दारात आक्का उभी होती, हातात चहा. तिची नजर त्याच्या मिटलेल्या मुठीवर गेली आणि लगेच पडद्यावर गेली. "चल, गवंडी खोळंबलाय."

"हिला सारखा खोकला का असतो?"

"हवा बदलली की होतं. मुलांना होतंच."

ती पुढे निघाली. तो मागून गेला, लहानपणी शाळेतून तक्रार आली की तिच्या मागून घरी जायचा तसा.

गवंडी हे घर बांधणाराच होता, जुना. त्यानं लाल वीट तळहातावर धरून थापीच्या दांड्यानं ठोकली. "ऐका साहेब. कशी खणखणीत बोलते! मागची नुसती डब-डब करायची. मी तेव्हाच ताईंना म्हटलं होतं, पाण्यात टाकून तरी बघू एक दिवस. ताई म्हणाल्या, नको, माझ्या भावानं निवडलीय, त्याची कसली परीक्षा घेता. त्याला काय वाटेल." तो मोकळेपणानं हसला. "म्हटलं, घर तुमचं, भाऊ तुमचा."

आक्का बशीत बिस्किटं मांडत होती. मांडलेलीच पुन्हा मांडत होती.

म्हणजे तिला माहीत होतं... पहिला थर बसायच्या आधी! आणि मी इतकी वर्षं समजत होतो, की मी तिला फसवतोय, निदान तेवढी तरी हुशारी माझी आहे. तिनं जाणूनबुजून त्या विटांवर घर चढवलं, माझा मान राहावा म्हणून. दर वर्षी रंग दिला, मी यायच्या आधी कपाट सरकवलं, मुलीला पढवून ठेवलं. डॉक्टरांना काय सांगत असेल? भिंतीला ओल आहे का, असं त्यांनी विचारलं असेलच... तिनं एकदा रागवायला हवं होतं. एकदा म्हणायला हवं होतं, मेल्या, डोळे कुठे होते तुझे? त्यानं मान वर केली, पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे काळजी होती, आणि ती भिंतीची नव्हती, त्याची होती. लाज एवढी वाटली की कान तापले.

"मग? कोणती घ्यायची, इंजिनिअर?" तिनं विचारलं.

मी इंजिनिअर नाही, आक्का. जिभेवर आलं होतं. पण गवंडी होता, चहा होता... "पाण्यात टाकू," तो म्हणाला. "तिन्ही. उद्या वजन करून बघू."

"कशाला? तू सांगशील ती घेऊ."

आणि तिनं खरंच घेतली असती. त्यानं पाण्यात विरघळणारी सांगितली असती तरी घेतली असती.

त्यानं स्वतःच न्हाणीघरात बादली नळाखाली ठेवली आणि एकेक वीट आत सोडली. लाल विटेतून बुडबुडे निघाले आणि हळूहळू थांबत आले. पांढरा ठोकळा तरंगत राहिला. त्याच वेळी आतून खोकला सुरू झाला, कोरडा, न थांबणारा. त्याच्या मागे उभ्या असलेल्या आक्कानं चटकन पुढे होऊन नळ पूर्ण सोडला. धो धो पाणी पडू लागलं. खोकला त्याला ऐकू जाऊ नये म्हणून असाच नळ, असाच मिक्सर, अशीच एकदम मोठ्यानं काढलेली कसलीतरी चौकशी — किती वेळा झालं असेल हे, आणि त्याला ते बरंच वाटलं असेल.

बादली काठोकाठ भरली, पाणी त्याच्या पायांवर आलं.

"राहू दे, भरू दे अजून," ती म्हणाली.

त्यानं हात पुढे करून नळ बंद केला. नखातली पूड अजून तशीच होती, आणि या वेळी त्यानं मूठ मिटली नाही. खोकला स्पष्ट ऐकू येत होता. आक्का काहीतरी बोलणार होती, पण तो ऐकतोय हे तिला दिसलं, आणि पुन्हा नळाकडे गेलेला हात तिनं मागे घेतला.