सईला जागं ठेवायचं

चाचणीच्या आधी मुलीला झोपू द्यायचं नाही, असं सौदीतल्या अल-खोबरच्या इस्पितळातून फोनवर बजावून बजावून सांगितलं होतं. पहाटे उठवायचं, आणि गाडीत तर डोळासुद्धा मिटू द्यायचा नाही. म्हणजे मूल तिथे पोचेपर्यंत दमतं, आपोआप गाढ झोपतं, आणि त्या झोपेतच त्याच्या कपाळाला नि कानामागे तारा चिकटवून, कानात आवाज सोडून, तो मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते मशीनवर बघतात. मूल हललं किंवा रडलं की सगळंच बिघडतं. झोपेचं औषध सईला चालणार नव्हतं, कारण थंडीत तिला चांगलीच धाप लागली होती आणि डॉक्टर ते द्यायला तयार नव्हते.

सांगणाऱ्याचं काय जातं! अल खफजीच्या घरापासून खोबरपर्यंत तीन तासांहून जास्त रस्ता, दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि विजेचे मनोरे, आणि गाडीची एकसुरी घरघर. धडधाकट माणूस पेंगतो तिथे दीड वर्षाच्या पोरीने टक्क जागं राहायचं. आणि तिला जागं ठेवायचं कुणी, तर जी स्वतः कित्येक महिने धड झोपलेली नाही त्या तिच्या आईने, दर्शनाने.

दर्शना मागे, बेबी सीटमध्ये बांधलेल्या सईशेजारी बसली होती. ओला नॅपकिन गालाला लाव, तळपायाला गुदगुल्या कर, तोंडावर फुंकर मार, बिस्किटाचा तुकडा हातात दे. सईच्या पापण्या जड झाल्या की ही पुन्हा नॅपकिन भिजवायची. चार महिन्यांनी मिळालेली ही तारीख होती.

"नुसती पुसतेस काय गो तिला?" पुढून गाडी चालवणारा तिचा नवरा, नागेश म्हणाला. "गाणं म्हण काहीतरी. टाळ्या वाजव."

"तुम्हीच म्हणा," दर्शना म्हणाली.

त्याला तेवढंच हवं होतं. गावच्या नमन-खेळ्यांतली गाणी त्याने एकामागून एक सुरू केली. नागेश समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर फिटर होता; दोन आठवडे पाण्यात आणि एक आठवडा घरी. तिथल्या मशिनींच्या गदारोळात बोलून बोलून त्याचा आवाज असा काही सुटला होता, की घरी तो मीठ मागायचा तेही शेजारच्या केरळी कुटुंबाला कळायचं. या आवाजावर त्याचा फार भरवसा होता. आपण दार उघडून हाक मारली की सई वळून बघते, मग तिला ऐकू येत नाही असं म्हणायचंच कसं? दार उघडलं की बाहेरच्या पॅसेजचा उजेड आत येतो, त्याच्या बुटांनी फरशी हादरते, हे दर्शनाने त्याला हजारदा सांगितलं होतं. तो घरी नसताना तिने सईच्या पाठीमागे स्टीलची ताटं आपटून बघितली होती, आणि मग मुकाट्याने तीच ताटं उचलून मांडणीवर ठेवली होती. सई आपली ठोकळ्यांवर ठोकळे रचत बसलेली असायची.

"आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात," हे नागेशचं ठरलेलं उत्तर. "मी तीन वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. आईला विचार." त्यानंतर मात्र ते कधी मिटलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आजसुद्धा तो आला होता तो बायकोच्या डोक्यातलं खूळ एकदाचं जावं म्हणून. दर्शनाला चाचणीची भीती वाटत नव्हती. मशीन काय सांगणार ते तिला ठाऊकच होतं. तिला भीती होती त्यानंतरची. नागेश रिपोर्ट बघेल, 'मशिनींचं काय सांगतेस, मी रोज बिघडलेल्या मशिनी उघडतो' असं म्हणेल, आणि परत पाण्यावर निघून जाईल. मग सईचं हे दुखणं त्या दोन खोल्यांत तिच्या एकटीच्या गळ्यात पडेल. तिच्याने ते आता ओढवत नव्हतं. सई बरी व्हावी असा नवस बोलायचीसुद्धा ताकद उरली नव्हती. फक्त त्याला कळावं, एवढंच तिचं मागणं होतं.

अर्ध्या वाटेवर एका पंपापाशी त्यांनी चहा घेतला. कागदी कप हातात असतानाच दर्शनाला उभ्या उभ्या डुलकी आली आणि थोडा चहा ओढणीवर सांडला.

"आता जरा वेळ तुम्ही बघा हो तिच्याकडे," ती म्हणाली. "मी पुढे बसते. माझे डोळेच उघडे राहत नाहीत."

"बस की! मी आहे ना. माझ्या आवाजापुढे कोण झोपतंय?"

दर्शनाने डोळे मिटले ते खरोखर झोपायला. पण थकव्याचीही एक हद्द असते. ती ओलांडली की झोप जवळ येते आणि आत शिरत नाही. ती नुसती पडून राहिली. गाडी सुरू झाली. थोड्या वेळाने नागेशची हाक आली, "सई! ए सई!" आरशातून तो मागे बघत असणार. मग टाळी, मग स्टिअरिंगवर थापा. "सई, बाय माझी, ऊठ गो! झोपायचं नाय!"

दर्शनाच्या मनात आलं, उठावं, मागे हात घालून तिचा पाय चाळवावा. एका क्षणाचं काम होतं. सई आत्ता झोपली तर तिथे झोपणार नाही, आणि तारीख हातची जाईल. सगळं कळत होतं तिला. तरीही ती उठली नाही. मी सांगितलेलं तुम्हाला पटत नाही ना, मग बघा आता स्वतःच, असं काहीतरी तिच्या छातीत घट्ट बसलं होतं. तिने ताकास तूर लागू दिली नाही.

नागेशने रेडिओ लावला आणि मोठा केला, इतका मोठा की अरबी निवेदकाचा आवाज फाटू लागला. त्याने काचा खाली केल्या. गरम वारा आत घुसला. मग त्याने हॉर्नवर हात दाबून ठेवला. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानेही आपला भोंगा वाजवून साथ दिली. त्या आवाजाने दर्शनाच्या अंगावर काटा आला. इतक्या गोंधळात बायको झोपली कशी, असं त्याच्या मनात यायला हवं होतं. पण त्याचं लक्ष बायकोकडे नव्हतंच.

रेडिओ बंद झाला. गाडी कडेला थांबली. नागेश उतरला, मागचं दार उघडलं. त्याने आधी हळू हाक मारली, लाडात येऊन मारतो तशी. मग जरा मोठ्याने. मग अगदी तिच्या कानाशी, जिवाच्या आकांताने, "सई!"

नंतर काहीच नाही. एक टँकर गेला आणि गाडी हलली. दर्शनाने ओठ दाताखाली धरले होते. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने सई कुरकुरली. त्याने तिला उचललं असणार.

पुढचा सगळा रस्ता नागेशने गाणं म्हटलं नाही की हाक मारली नाही. गाडी सावकाश चालली होती. दर्शनाने पापण्या किंचित उघडून पाहिलं, तर त्याचा उजवा हात सीटमधून मागे गेलेला होता आणि तो सईच्या पायाच्या अंगठ्याशी चाळा करत होता.

इस्पितळात व्हायचं तेच झालं. सई ताजीतवानी होऊन पलंगावर उभी राहिली आणि तारांकडे झेप घेऊ लागली. ती चाचणी करणारी अफशाँ नावाची हैदराबादची बाई होती. तिने कपाळाला हात लावला.

"गाड़ी में सोई थी क्या?"

दर्शना तोंड उघडणार, तोच नागेश म्हणाला, "गलती मेरी है, मॅडम. इसकी माँ सोई थी, मेरे भरोसे छोड़ा था. मैंने आवाज़ बहुत दिया. हॉर्न बजाया. कान के पास जाके चिल्लाया." तो थांबला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण पुढचं वाक्य जेमतेम ऐकू आलं. "इसको सुनाई नहीं देता."

झालं. दर्शनाला हवं होतं ते झालं होतं. आता हायसं वाटेल म्हणून ती वाट बघत उभी राहिली, पण हायसं वाटेना. झोप नाही म्हणून असेल, असं म्हणून ती खुर्चीवर बसली.

अफशाँ म्हणाली, नवी तारीख घ्या. नागेश ऐकेना. शेवटी दुपारनंतरची एक वेळ रिकामी निघाली. तोवर झोपली तर घेऊन या, म्हणाली. मग नागेशने सईला खांद्यावर घेतलं आणि तो त्या लांबलचक पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालू लागला. सकाळी जो उगाच एवढं पेट्रोल जाळायचं म्हणून कुरकुरत निघाला होता, तो आता पोरीची पाठ थोपटत होता आणि कुणी मोठ्याने बोललं की सवयीने त्याच्याकडे रागाने बघत होता. मग आपलं आपल्यालाच काहीतरी आठवल्यासारखा मान खाली घालत होता. दर्शनाने दूध पाजलं, फ्रॉक बदलला, पुन्हा त्याच्याकडे दिलं. तिघांनीही जेवण असं केलंच नाही.

सई झोपली तेव्हा नागेशचा शर्ट लाळेने भिजला होता. अंधाऱ्या खोलीत त्याने तिला अलगद पलंगावर ठेवलं. अफशाँने तारा चिकटवल्या, कानात छोटी बोंडं बसवली. मशीनवर एक रेघ सरकू लागली. आवाज मेंदूला पोचला की या रेघेवर छोट्या टेकड्या उठतात, तिने हलक्या आवाजात समजावलं. ती आवाज वाढवत गेली. रेघ सपाटच राहिली. तिने आणखी वाढवला. दुसरा कान घेतला. अगदी शेवटी, मशीनच्या सगळ्यात मोठ्या आवाजाला, एक उंचवटा आल्यासारखा वाटला आणि विरून गेला.

"दोनों कान में बहुत कम है," अफशाँ म्हणाली. "लेकिन उम्र छोटी है, अच्छा हुआ अभी आए. पहले कान की मशीन लगाएँगे, फिर ऑपरेशन का देखेंगे."

"क्या क्या करना है, सब बताइए," नागेश म्हणाला. "मैं छुट्टी बढ़ाता हूँ."

दर्शना रेघेकडे बघत होती. गेले कित्येक महिने ती नागेशच्या हट्टावर चरफडत होती. पण घरात एक माणूस तरी 'ऐकू येतं तिला' असं छातीठोक म्हणत होता, आणि त्याच्याशी भांडताना, कोण जाणे, त्याचंच खरं निघेल, असं एक धुगधुगतं काहीतरी तिच्याही मनात जिवंत होतं. ते तिला आत्ता कळलं, कारण ते आत्ता विझलं. आता असं म्हणणारं घरात कुणीच उरलं नव्हतं.

"मॅडम," ती एकदम म्हणाली, "आपका मशीन बराबर है ना? वायर ढीला होगा कहीं. एक बार फिर से लगाके देखो ना. बस एक बार."

अफशाँने नागेशकडे पाहिलं. नागेश उठला, दर्शनाच्या पाठीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नको गो," तो म्हणाला. "झोपू दे आता तिला."